एका श्वासात एक माप

मंजुळक्का चालताना ब्लाउजची मापं म्हणायच्या. पुटपुटत नव्हे, चांगल्या खणखणीत आवाजात, दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "सरोजम्मा, उंची चौदा, छाती छत्तीस, कंबर तीस, बाही नऊ, मुंढा सोळा. नागरत्ना, उंची साडेतेरा, छाती चौतीस..." असं एकेका बाईचं माप म्हणत त्या पलीकडच्या टोकाला ठेवलेल्या नारिंगी शंकूपर्यंत जायच्या, वळायच्या आणि पुढची बाई सुरू करायच्या. पहिल्या दिवशी ते ऐकून मी मनात म्हटलं, काय ही बाई! इथे आम्हाला श्वास पुरेना आणि हिला गावभरच्या बायकांची छाती-कंबर सांगायला पुरतोय. त्यांचा हेवा वाटायला मला तिथून सुरुवात झाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवालपवी नको.

त्याआधी दोन वर्षं मला दम लागत होता. मी म्हैसूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्यात थांबले की कुणी म्हणायचं वजन वाढलंय, कुणी म्हणायचं रक्त कमी असेल, आणि आमच्या पुण्याच्या आत्याने फोनवर निदान केलं की तिकडच्या भाताने होतं हे. शेवटी एक दिवस जिन्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तपासण्या झाल्या. फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांमधला दाब वाढला होता. पल्मनरी हायपरटेन्शन. दंडाला पट्टा बांधून कळणारं हे ब्लडप्रेशर नव्हे. हे आत बसून हृदयाच्या उजव्या बाजूला राबवून घेतं.

गोळ्या सुरू झाल्या आणि त्यासोबत नजरबाद मोहल्ल्याच्या बाजूच्या एका दवाखान्यात व्यायामाचा आणि श्वासाचा वर्ग. बारा आठवडे, आठवड्यातून तीन सकाळी. शेवटी सहा मिनिटं चालण्याची चाचणी व्हायची होती आणि ते आकडे बघून डॉक्टर मला कामावर रुजू होण्याचं पत्र देणार होते. मला ते पत्र हवं होतं. माझ्या जागी तात्पुरता घेतलेला तरुण फार छान शिकवतो, असं माझ्याच विद्यार्थिनींनी मला फोन करून आनंदाने कळवलं होतं. त्यानंतर मला त्या पत्राशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

वर्ग घ्यायची चैत्रा नावाची फिजिओथेरपिस्ट. तिशीची, शांत, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे. नाकाने श्वास घ्या, गरम दुधावर फुंकर घालतात तसे ओठ करून हळूहळू सोडा, पोटावर हात ठेवून पोट वर येतंय का बघा, वजन उचलताना श्वास कोंडू नका. अर्ध्या किलोचं वजन, बरं का. माझी पर्ससुद्धा त्याहून जड होती. चालण्याचा नियम एकच: बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं. वाक्य तुटलं की थांबायचं. म्हणून चैत्रा सगळ्यांना काहीतरी म्हणत चालायला सांगायची. एक निवृत्त गृहस्थ आकडे मोजायचे. मी गप्प चालायचे. बोलण्यात श्वास वाया घालवायचा नाही, असं मी माझ्या डोक्याने ठरवलं होतं. आणि मंजुळक्का मापं म्हणायच्या.

त्या साठीच्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळाला मोठं कुंकू आणि गळ्यात शिंप्याची टेप. दवाखान्यातसुद्धा. टेप काढून ठेवली तर चुकल्यासारखं वाटतं म्हणायच्या. लष्कर मोहल्ल्यात त्यांचं शिलाईचं छोटं दुकान. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं, कोणत्या गावाहून आलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुकानात विठोबाची तसबीर, घरात मराठी, आणि त्या मराठीत इतकं कन्नड की पहिले दोन दिवस मी नुसती मान हलवत होते. मला त्या 'मिस' म्हणायच्या, कारण इकडे शिकवणारी बाई ती मिस, आणि लगेच 'तू'ही म्हणायच्या. आमच्या पुण्यात हे दोन्ही एका वाक्यात कुणी केलं नसतं.

"मंजुळक्का," मी एकदा विचारलं, "तुम्ही एवढ्या विठ्ठलभक्त. मग चालताना भजन का नाही म्हणत?"

"अय्यो, मिस! श्वास संपला की थांबायचं म्हणून मॅडम सांगतात. देवाचं नाव मध्येच तोडून खुर्चीत बसू काय मी? सरोजम्माला अर्ध्यात सोडलं तर ती रागावत नाही, अल्वा? खरं ना?"

त्यांचा हिशेब सरळ होता. एका श्वासात एक रविके, म्हणजे एका ब्लाउजचं पूर्ण माप. उंचीपासून मुंढ्यापर्यंत एका दमात बसलं तर चालायचं. सरोजम्मा छातीपर्यंतच येऊन अडकली तर "साकु" म्हणायचं आणि जवळच्या खुर्चीत बसायचं. साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. हा शब्द त्या अगदी सहज उच्चारायच्या, वाढणाऱ्याने भाताचा डाव पुढे केल्यावर म्हणावा तसा. मला तो कधी जमला नाही. मी शाळेपासून पहिल्या नंबरची मुलगी. पुरे म्हणणं म्हणजे हरणं, एवढंच मला माहीत.

पहिल्या आठवड्याच्या चाचणीत मी न थांबता तीनशे अठरा मीटर चालले. मंजुळक्का चौथ्या मिनिटाला "साकु" म्हणून अर्धं मिनिट बसल्या, पदराने तोंड पुसलं, उठल्या आणि तीनशे चव्वेचाळीस केले. सव्वीस मीटर जास्त, तेही बसून! भिंतीवर दम मोजायचा तक्ता होता, शून्यापासून दहापर्यंत. चैत्राने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सात, मॅडम. आज सातच." जराही लाज नाही. मला विचारलं. छाती फुटायची बाकी होती. मी म्हटलं, "तीन."

मग मला त्यांच्या प्रत्येक गोष्टीचा हेवा वाटू लागला. अठरा वर्षं म्हैसुरात राहून माझं कन्नड भाजीवाल्यापुरतं. त्या कन्नडमध्ये काहीतरी बोलायच्या आणि ती गंभीर चैत्रा खळखळून हसायची. काय विनोद झाला हे मला विचारावं लागायचं आणि विचारून कळलेल्या विनोदाला हसू येत नाही. माझा नवरा सुधीर मला गाडीने सोडायला यायचा. घरी पेपरात डोकं घालून बसणारा हा माणूस मंजुळक्कांच्या शेजारी बाकावर बसून तासभर गप्पा मारायचा. कशाच्या? तर काजं-बटणांच्या! एकदा गाडीत मला म्हणाला, "त्यांच्याशी बोललं की बरं वाटतं, नाही?" मी काच खाली केली आणि बाहेर बघत बसले.

सहाव्या आठवड्यात मी तीनशे बावन्न मीटर चालले. मंजुळक्का दोनदा बसल्या. त्यांचे तीनशे वीस झाले.

मला आनंद झाला. हे लिहिताना हात अडखळतोय, पण झाला होता. गाडीत बसल्या बसल्या मी सुधीरला दोन्ही आकडे सांगितले. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "म्हणजे त्यांचं दुखणं वाढलंय." मला ते कळत नव्हतं असं नाही. मी वजाबाकी केली होती, पण फक्त माझ्या बाजूने.

मंजुळक्कांनी स्वतः ते अगदी सहज घेतलं. "आज बाया कमी आल्या दुकानात," एवढंच म्हणाल्या. पूर्वी सहा मिनिटांत चाळीसेक बायकांची मापं व्हायची, आता तीसही होईनात. पण ज्या व्हायच्या त्या पूर्ण. अर्धवट माप त्यांनी कधी मोजात धरलं नाही.

त्याच सुमाराला एकदा बाकावर माझ्याकडे नीट बघून त्या म्हणाल्या, "मिस, तुझा रविके तुला श्वास घेऊ देत नाही."

मला राग आला. ब्लाउज पुण्याच्या नावाजलेल्या शिंप्याकडचा होता. मी तसं सांगितलंही.

"शिंपी चांगलाच असेल. तूच माप खोटं दिलं असशील. सगळ्या बायका देतात. टेप लावली की पोट आत, श्वास आत. मग घरी जाऊन घालतात आणि म्हणतात, शिंप्याने बिघडवलं. म्हणून मी काय करते, आधी बोलायला लावते. सुम्ने, उगीच आपलं. तर ते जाऊ दे, तुझ्या कॉलेजात तो नवीन पोरगा आलाय म्हणे, कसा शिकवतो?"

झालं. मी सुरू झाले. त्याला कॅल्क्युलसचा क येत नाही, मुलांना नुसती उत्तरं लिहून देतो, फळ्यावरचं अक्षर बघवत नाही, आणि मुलींना आवडतो तो कशासाठी हे मी सांगायची गरज नाही. पाच मिनिटं तोंड चालू होतं. थांबले तेव्हा मंजुळक्का टेप पुन्हा गळ्यात अडकवत होत्या. माझं माप कधीच घेऊन झालं होतं. "आयितु," त्या म्हणाल्या, म्हणजे झालं. "कापड माझ्याकडे आहे. बाराव्या आठवड्याला देते. पास झालीस की घाल."

बारावा आठवडा आला. त्या दिवशी माझी चाचणी आधी आणि मंजुळक्कांची नंतर होती. एका वेळी एकानेच चालायचं असतं, म्हणून त्या पलीकडच्या शंकूजवळच्या बाकावर बसल्या होत्या. चैत्रा अलीकडच्या टोकाला घड्याळ घेऊन उभी. मी ठरवलं होतं, चारशे. चारशे मीटर दाखवले तर कोण पत्र अडवतं बघू. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा होता. तो हात मी पदरात गुंडाळून घेतला, आकडा कुणाला सहज दिसू नये म्हणून. माझ्या वर्गातला मुलगा उत्तरपत्रिका अशी झाकून बसला असता तर मी त्याला उभं केलं असतं.

तिसऱ्या मिनिटाला चैत्राने विचारलं, "किती?"

"तीन!" मी ओरडले. तेवढा एक शब्द काढायला पुढची चार पावलं गेली.

चौथ्या मिनिटाला व्हरांड्याच्या कडा करड्या व्हायला लागल्या. मी चैत्राकडे पाठ करून पलीकडच्या टोकाकडे चालले होते, त्यामुळे माझा चेहरा तिला दिसत नव्हता. मंजुळक्कांना दिसत होता. "मिस, साकु!" त्यांचा आवाज आला. मी पाय आणखी भराभर टाकले. मला खरंच वाटलं की माझा आकडा वाढतोय म्हणून ही बाई मला थांबवतेय.

मग त्या उठल्या. धावणं त्यांना मना होतं, तरी जवळजवळ धावतच व्हरांड्याच्या मधोमध आल्या, गळ्यातली टेप काढली आणि दोन्ही हातांनी ताणून माझ्यापुढे आडवी धरली. मी त्या टेपवर येऊन आदळले, म्हणजे त्यांच्यावरच. दोघी तिथल्या फरशीवर बसलो. चैत्रा मागून पळत आली, तिने ऑक्सिजन लावला, माझा हात पदरातून सोडवला, चिमट्यावरचा आकडा बघितला आणि लिहून घेतला.

बोलल्या त्या मंजुळक्का. तीन-तीन शब्दांनी थांबत, ओठ निळसर झालेले, तरी बोलल्या. "मिस, तू माप... खोटं देतेस. मॅडम शिंपी आहेत... तू दिलेल्या मापावर... कापणार त्या. नंतर उसवलं तर... कुणाला सांगणार?"

मी काय उत्तर दिलं असेल? मी विचारलं, "किती मीटर झाले?"

त्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

त्या दिवशी त्यांची चाचणी झालीच नाही. त्यांचा ऑक्सिजन बराच वेळ वर येईना, म्हणून चैत्राने ती पुढच्या आठवड्यावर ढकलली आणि त्यांना आत डॉक्टरांकडे नेलं. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. त्यांना दाखल केलं होतं. मी भेटायला जाईन जाईन म्हणत होते, पण मला शरम वाटत होती, आणि खरं सांगायचं तर सुधीर माझ्याआधी एकटाच जाऊन आला याचा रागही होता. तो म्हणाला, "तुझी चौकशी करत होत्या. म्हणाल्या, मिसला सांगा, बाही लावायची राहिली आहे." मी शनिवारी जायचं ठरवलं. शुक्रवारी सकाळी त्या गेल्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं, त्या दिवशीच्या धावपळीने काही झालेलं नाही. चैत्राही तेच म्हणाली. मी दोघांना पुन्हा पुन्हा विचारलं आणि त्यांनी न कंटाळता पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. तरी मंजुळक्कांच्या कागदावर शेवटचा आकडा तीनशे वीसच राहिला आणि पुढची ओळ कोरी. मी पुढे होते. मला आयुष्यात कुठल्याही पहिल्या नंबरची इतकी किळस आली नव्हती.

दोन आठवड्यांनी त्यांच्या सुनेचा फोन आला, ब्लाउज तयार आहे म्हणून. मी लष्कर मोहल्ल्यात पहिल्यांदाच गेले. दोन यंत्रं मावतील एवढंच दुकान, भिंतीवर विठोबा, त्याच्या खाली कापडांचे तुकडे. सून म्हणाली, "अत्तेंनी हॉस्पिटलात बसून हाताने काजं केली. बाह्या मी लावल्या. त्यांच्यासारख्या बसल्या नाहीत, समजून घ्या." अत्ते म्हणजे सासूबाई. मी आत जाऊन घालून बघितला. इतकी वर्षं ब्लाउज घालतेय, पण कापडाच्या आत पूर्ण श्वास घेता येतो हे मला माहीत नव्हतं. दोन्ही बाजूंना शिवणीत दीड-दीड इंच माया सोडली होती.

मापांची वही सुनेने दाखवली. बाकी सगळ्या बायकांच्या नावापुढे छातीचा एकच आकडा. माझ्या नावापुढे दोन. 'गप्प असताना चौतीस. बोलताना साडेपस्तीस.' दुसऱ्या आकड्याभोवती गोल काढला होता. मी त्या वहीवर डोकं टेकून रडले आणि मग उठून सुनेच्या हातचा चहा प्यायले.

महिन्याभराने चैत्राने माझी चाचणी पुन्हा घेतली. चालताना काय म्हणायचं हा प्रश्न होता. मला पाढे येतात, सूत्रं येतात, पण पाय उचलला आणि तोंडातून निघालं, "सरोजम्मा, उंची चौदा, छाती छत्तीस, कंबर तीस..." बारा आठवडे हेव्याने कान देऊन ऐकलेलं सगळं पाठ झालं होतं. नागरत्ना झाली, पुढच्या बायका झाल्या. मी प्रत्येक श्वासाला एक बाई पूर्ण करत गेले. मग सहावं मिनिट चालू असताना एक बाई कंबरेवरच अडकली. घड्याळात चाळीस सेकंद उरली होती. चाळीस सेकंदांत मी तीस-पस्तीस मीटर तरी काढले असते. माझे पाय अजून जात होते.

"साकु," मी म्हटलं आणि खुर्चीत बसले.

तीनशे सव्वीस मीटर. चैत्राने तक्त्याकडे बोट केलं. "सहा," मी म्हटलं, "नाही, साडेसहा." तिने ते लिहून घेतलं. डॉक्टरांनी पत्र दिलं, पण त्यात तळमजल्यावरचेच वर्ग द्यावेत असं लिहिलं. दुसरा मजला त्या तरुणाकडे राहिला. मुली अजून त्याची स्तुती करतात आणि मला अजून ती आवडत नाही. माझा स्वभाव काही बारा आठवड्यांत बदलला नाही. मंजुळक्कांचाही मला अजून हेवा वाटतो. मला घाम फुटल्यावर म्हणता येतो तो 'साकु' त्या भात वाढून घेताना म्हणावा तसा म्हणायच्या.

मी अजून आठवड्यातून एकदा वर्गाला जाते. गेल्या सोमवारी एक नवी मुलगी आली होती, तिशीची, बँकेत काम करणारी. माझं मापं म्हणत चालणं ती बाकावरून बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे बारीक. ती नजर मी लगेच ओळखली. मग तिची पहिली चाचणी झाली. ती एकदाही न थांबता, एक शब्द न बोलता चालली आणि चैत्राने विचारल्यावर म्हणाली, "दोन."

ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी सरकून जागा करून दिली आणि माझ्या मोडक्या कन्नडमध्ये हळूच विचारलं, "खरं सांग. किती?"

तिने माझ्याकडे रागाने बघितलं. तिने ओठ उघडून दोन-तीन श्वास घेतले. मग म्हणाली, "आठ."